मेजर, तुमचा पहारा किती वाजता?

माजी सैनिकांच्या या सदरात गेल्या वेळी बोलता बोलता मी लिहून गेलो की पेन्शनीवर आल्यावर पहिली दोन वर्षं मला झोप नव्हती, आणि ती परत आली गावच्या हरिनाम सप्त्यात वीणेच्या पहाऱ्यावर उभा राहून. त्या एका वाक्यावर सातारा-सांगलीकडनं एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की या वेळी कँटीन कार्ड आणि पेन्शनच्या एरिअर्सचे प्रश्न बाजूला ठेवतो. देवाधर्माच्या वाटेनं फौजीला काय मदत होते आणि काय होत नाही, आज एवढंच. नावं कुणाचीच छापत नाही, निवांत वाचा.

प्रश्न : आमचे हे १७ वर्षं फौजेत होते, घरी येऊन दीड वर्ष झालं. पहाटे ४ ला उठून अंगणात येरझाऱ्या घालतात, पोरांची चप्पल वाकडी दिसली तरी ओरडतात, कुणाशी बोलत नाहीत आणि संध्याकाळ झाली की बाटली, रोज. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याकडं न्या. माझे वडील माळकरी, ते म्हणतात गळ्यात माळ घाला, दारू आपोआप सुटंल. मी कुणाचं ऐकू? (खटाव तालुका)

उत्तर : वहिनी, देवऋष्याचं आधी मिटवू. बाहेरचं म्हणाल तर एकच, की १७ वर्षं माणूस बाहेर होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच, त्यांची हयात अंधश्रद्धेशी लढण्यात गेली. २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून कुणी माणसाला मारलं, साखळीनं बांधलं तर तो आता गुन्हा आहे. पण सासूबाईंना कायदा सांगत बसू नका, त्या अजून चिडतील, त्यांना म्हणा इलाज माजी सैनिकाच्या दवाखान्याच्या कार्डावर फुकट होतोय तर उताऱ्याला कोंबडं कशाला वाया घालवायचं.

आता माळ. तुमच्या वडलांचं म्हणणं चुकीचं नाही पण घाईचं आहे. माळ घातली की मटण बंद, दारू बंद, एकादशी आली, वर्षाची वारी आली, हे ज्यानं पाळायचं त्यानं स्वतः मागून घालायचं असतं. घरच्यांनी धरून बांधलेली माळ मी बघितलीये, महिन्याभरात माणूस परत पितो, मग माळ काढून खिळ्याला अडकवतो आणि लाजेनं देवळाच्या गल्लीतनंसुद्धा जात नाही, म्हणजे दारू होती ती राहिलीच आणि जी चार माणसं जोडली जाणार होती ती पण गेली.

आणि ह्याहून महत्त्वाचं, नीट वाचा. रोज पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास व्हायला लागतात, कुणाकुणाला फिट येते, जीवावरसुद्धा बेततं. घरच्यांना वाटतं देव कोपला किंवा बाहेरचं खरंच होतं! ते शरीराचं असतं, त्याला डॉक्टर आणि औषधच लागतं. म्हणून माळेच्या आधी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांच्या इलाजाची सरकारी योजना. २००३ पासून ती आहे, पॉलिक्लिनिकला जाऊन तिथल्या डॉक्टरला दारूचं आणि झोपेचं दोन्ही खरं सांगायचं आणि मानसोपचाराचं रेफरल मागायचं. कार्ड तुमचंही असतं वहिनी, तुमचीही झोप गेलेली असणार, लाजू नका. साताऱ्यात दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र पण आहे. आणि रात्रीअपरात्री काही सुचेना झालं तर १४४१६, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मग देवळाचं काय काम? सांगतो. फौजेत सकाळच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत तुम्ही जागेवर नसलात तर कुणीतरी विचारतंच, अरे कुठाय तो. घरी आल्यावर लाड होतात, हार घालतात, गाव मेजर मेजर करतं, भले तुम्ही शिपाई म्हणून आला असाल. आणि आठ दिवसांनी तुम्ही कुठं आहात हे कुणी विचारत नाही. मी तर पहिली दोन वर्षं रात्री दोनला उठून गोठ्याला चक्कर मारायचो, म्हशीसुद्धा कंटाळल्या. मग सप्ता लागला. सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पाळीपाळीनं माणसं गळ्यात घेऊन उभी राहतात आणि त्याला पहाराच म्हणतात, पत्रिकेत पहारेकऱ्यांची नावं छापून येतात. आमच्याकडं रात्री २ ते ४ ला कुणी मिळेना, विणेकरी बुवांनी मला विचारलं, मेजर, तुम्ही असंही जागेच असता. उभा राहिलो. चारला दुसरा माणूस आला, त्याच्या गळ्यात वीणा घातली, पाया पडलो, घरी येऊन झोपलो ते नऊ वाजता उठलो. पहारा बदली झाला होता ना, रिलीव्ह होऊन आलेला माणूस झोपणारच! भक्ती म्हणाल तर तेव्हा मला हरिपाठसुद्धा येत नव्हता.

वारीत पण तेच आहे. माउलींची पालखी आपल्या लोणंद-फलटणवरनंच जाते, मुक्कामाला संध्याकाळी समाजआरती बघा एकदा. चोपदारानं दंड वर केला की एवढा जनसमुदाय चिडीचूप, ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, तिची तक्रार ऐकतात, हरवलं-सापडलं पुकारतात. मला तर थेट आमचा संध्याकाळचा फॉल-इन, रांगेतली हजेरी, आठवला.

तेव्हा त्यांना देवळात चला असं म्हणूच नका, नाही म्हणतील. वडलांना सांगा भजनी मंडळाकडनं निरोप पाठवा की सतरंज्या-भांड्यांचा हिशोब ठेवायला विश्वासाचा माणूस नाही. काम दिलं की फौजी येतो. माळेचं पुढचं पुढं, ते स्वतः बोलतील तेव्हा.

प्रश्न : वडील सुभेदार म्हणून पेन्शन आले. एका मठात जातात, शांत झालेत, दारू सुटली, हे मान्य. पण कम्युटेशनच्या पैशातनं मोठी रक्कम द्यायचं चाललंय, तिथले लोक म्हणतात बांधकामाला द्या, नाव लागंल. आई रडते. बोललो तर म्हणतात तुला काय कळतंय. (तासगाव)

उत्तर : दादा, वडलांची दारू सुटली त्याचं श्रेय त्या मठाला आधी मोकळ्या मनानं द्या, मगच पैशाचं बोला, उलटं केलंत तर दार बंद. मग आकड्यावर बोला, सुभेदार माणसाला आकडा कळतो. कम्युटेशन म्हणजे निम्म्यापर्यंत पेन्शन आपण विकलेली असते, ती पूर्ववत व्हायला १५ वर्षं जातात. म्हणजे जे देताय ते बक्षीस मिळालेलं नाही, पुढच्या १५ वर्षांची भाकरी आहे आणि त्यात आईचा वाटा आहे. दर महिन्याच्या पेन्शनीतनं काहीतरी ठरावीक द्या, अन्नदानाला द्या, कोण अडवतंय, पण एकरकमी नको.

आणि ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला आहे का, पावती देतात का, हे विचारायला लाजायचं नाही. युनिटमध्ये साधी बॅटरी घेताना सही करत होतो आपण, इथं लाखाला सही नको? खरी जागा असेल तर विचारल्यावर राग येत नाही. गोंदवल्याला जाऊन या एकदा वडलांसोबत, महाराजांच्या समाधीला, हजारो माणसं जेवून उठतात, तुमच्याकडं किती आहे असं कुणी विचारत नाही.

माझा एक जोडीदार अशाच एका ठिकाणी, नाव घेत नाही, नामस्मरणानं व्यसन सोडवतो म्हणून नेला होता. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, खोलीला बाहेरनं कुलूप, घरच्यांना फोन नाही, जप चुकला की काठी. बाहेर आला तो देवाचं नाव काढलं तरी दचकायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असल्या रुग्णाला साखळीनं बांधायला किंवा एकट्याला कोंडून ठेवायला साफ मनाई आहे. तेव्हा कुलूप दिसलं की परत फिरा, मग आत कुणाचाही फोटो असो.

प्रश्न : तुमचं सगळं वारी आणि सप्ता. आम्ही मिरजेचे, ख्रिश्चन. आमच्यासारख्यानं कुठं जायचं? (मिरज)

उत्तर : टोमणा घेतला, बरोबर आहे. फौजेत आपलं सर्वधर्म स्थळ एकाच छताखाली होतं आणि मी मात्र गावात आल्यावर गावापुरताच विचार करायला लागलो. मिरजेला तर तुम्हीच आम्हाला शिकवायचं, १८९४ पासून वानलेस हॉस्पिटल मिशनच्याच जोरावर उभं राहिलं आणि अख्ख्या दक्षिण महाराष्ट्रातली माणसं जात न विचारता तिथं बरी होऊन गेली. तुमच्या चर्चच्या पाळकांना सरळ सांगा की मी माजी सैनिक आहे, मला रविवारच्या उपासनेपुरतं नको, आठवड्यातनं दोन दिवस काम द्या, आजारी माणसांना भेटायचं असेल, सामान पोचवायचं असेल. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट, त्यांच्या मीटिंगची चौकशी करा. १९३५ ला अमेरिकेत सुरू झालेलं आहे, फी नाही, त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये देव आहे पण तो ज्याला जसा कळला तसा. आणि मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला कोण कोण राबतं ते बघा, तिथंही एखादा फौजी सापडेल गर्दी सांभाळताना.

प्रश्न : बॉर्डरवर असताना त्या रात्रीची ड्युटी माझी होती. मला ताप होता म्हणून दुसऱ्यानं बदलून घेतली आणि तो गेला. ११ वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, झोप येते. पण देवळात गेलं की त्याचंच तोंड दिसतं म्हणून मी देवळात जात नाही. बायको म्हणते पूजा घालू. काय करू? (वाळवा तालुका)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

गोळ्या बंद करू नका, हे पहिलं. पण गोळीनं झोप येते आणि हे जे तुम्ही म्हणताय ते तिथंच राहतं, हे डॉक्टर लोकांनाही माहीत आहे. अमेरिकेत व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांवर इलाज करताना तिथल्या डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं, भीती वेगळी आणि माझ्या हातनं चूक झाली हा सल वेगळा, त्याला ते मॉरल इंज्युरी म्हणतात. त्यांच्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच्या जोडीला चॅप्लेन म्हणजे धर्मगुरू पगारावर असतात, असलं ऐकून घ्यायला. आपल्याकडं पलटणीत पंडितजी असतो, ग्रंथी असतो, मौलवी, पाद्री असतो, रविवारी मंदिर परेडला आपण जायचोच. पेन्शनीवर आलं की पंडितजी पलटणीतच राहतो आणि गावातला पुजारी विचारतो पूजा कितीची घालायची. ही मोठी फट आहे, ती बुजवायला आपल्याकडं कुणी बसलेलं नाही.

पूजा आत्ता नको. ज्याला हे ऐकवता येईल असा एक माणूस शोधा, त्यानं तुम्हाला लगेच तुझी काही चूक नाही असं म्हणून गप्प बसवता कामा नये. जुना पंडितजी कुठं राहतो ते युनिटच्या ग्रुपवर विचारा, नाहीतर एखादा म्हातारा कीर्तनकार, नाहीतर मी आहे. आणि त्याचे आई-वडील असतील तर त्यांच्या घरी जाऊन या. ताप होता हे सांगायला जाऊ नका, नुसते जा, चहा घ्या, त्याच्या आईला त्याची एखादी खोडी सांगा जी तिला माहीत नसेल. मी अशा एका घरी दरवर्षी जातो. पहिल्या वर्षी उंबऱ्यापाशी पाय गळाले होते, आता ती म्हातारी मला का उशीर केला म्हणून रागावते.

कधी साताऱ्याकडं आलात तर अपशिंगे मिलिटरीत उतरा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली, इंग्रजांनी लावलेला दगड आहे तिथं, आणि घरटी माणूस अजून भरती होतो. मी सोबत येतो, फक्त आदल्या दिवशी कळवा.

प्रश्न : मुलगा अग्निवीर आहे, पहिल्याच बॅचचा. परत आला तर त्याला आत्तापासूनच कुठल्या बैठकीला, सत्संगाला लावू का? (कडेगाव)

उत्तर : मावशी, तो २३-२४ वर्षांचा पोरगा आहे, त्याला सत्संगाच्या आधी नोकरी लागते. चार वर्षं झाली की चारात एकाला पुढं घेणार, बाकीचे घरी. जाताना सेवा निधी म्हणून एकरकमी साधारण पावणेबारा लाख मिळतात पण पेन्शन नाही आणि ईसीएचएस पण नाही, तेव्हा ते पैसे गाडीत घालू देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्याच्यासाठी काय आहे ते आधी विचारून ठेवा. गणपती मंडळात तो आपला आपण जाईलच.

प्रश्न : तुमचं ऐकून भजनी मंडळात जायला लागलो. ७ ची वेळ सांगतात, मी ६.५५ ला हजर, बाकीचे ९ ला येतात. एकदा बोललो तर म्हणाले मेजर इथं पलटण नाय. सोडून देऊ का? (कोरेगाव)

उत्तर : सोडू नका. किल्ली मागून घ्या. ७ ला देऊळ उघडा, झाडून काढा, समया लावा, सतरंज्या अंथरा, पेटीवरची धूळ पुसा, तोवर ८.३० होतात. पखवाजाला शाई कशी असते, वाद्या कशा ओढतात ते पखवाजवाल्याकडनं शिकून घ्या, तो लवकर येत असेल तर. आमच्याकडं मी हेच करतो. गेल्या महिन्यात ताप आला म्हणून गेलो नाही, तर सव्वासातला एक पोरगं सायकलवर घरी आलं, म्हणालं काका, कुलूप आहे, तुम्ही कुठाय?