बारशापर्यंत थांबावे का?

प्रश्न : आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, खानापूर तालुक्यात आली होती. तिचे सासर चंदगडचे. नात झाली, पण दुसऱ्याच दिवशी बाळाचे ओठ व नखे निळसर दिसू लागली, म्हणून बेळगावला हलवले. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून डॉक्टरांनी सांगितले की, फुप्फुसाकडे रक्त सोडणारी हृदयाची झडप जन्मतः फार अरुंद आहे आणि छाती न उघडता, जांघेतील शिरेतून फुगा नेऊन ती लगेच मोकळी करावी लागेल. बाळाचे वजन २ किलो ४०० ग्रॅम आहे. वडीलधारी मंडळी म्हणतात, सोयर फिटू द्या, बारसे होऊ द्या, बाळाने थोडे अंग धरू द्या. सातव्या महिन्यात ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असा बोलही मुलीला लागतो आहे. काय करावे?
— एक आजोबा, खानापूर तालुका

उत्तर : आजोबा, हा प्रश्न अंक छापून होईपर्यंत थांबणारा नव्हता, म्हणून पत्र हाती पडताच आपणास दूरध्वनीवर ‘थांबू नका’ एवढेच कळवले होते. त्यामागची कारणे येथे सविस्तर देतो, कारण अशी वेळ दुसऱ्या घरावरही येऊ शकते.

गर्भात असताना बाळाला फुप्फुसांनी श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक नळी तेव्हा उघडी असते आणि जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. झडप अतिशय अरुंद असलेल्या बाळाला मात्र याच नळीतून फुप्फुसाकडे पुरेसे रक्त मिळत असते, म्हणून ती मिटू लागली की बाळ निळे पडते. ती उघडी राहावी यासाठी प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून अखंड चालू ठेवतात. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून त्याला अतिदक्षता विभागातच ठेवावे लागते. हे औषध उपचारापर्यंत बाळाला तगवून धरते, झडप दुरुस्त करत नाही. वजन वाढण्याची वाट पाहावी हा सल्ला सौम्य दोषात योग्य ठरतो. येथे तो बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

प्रत्यक्ष उपचार कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करण्याच्या खोलीत होतो. बाळाला भूल देऊन जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत अरुंद झडपेतून तार पार करतात आणि तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवतात. फुगा काही सेकंदच फुगवतात, तेवढ्यात झडपेच्या एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. फुग्याचा व्यास झडपेच्या कड्याच्या साधारण सव्वापट घेतात. त्याहून फार मोठा घेतला, तर इजा होण्याचा धोका वाढतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. जीन कॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आज या दोषावर प्रथम हाच उपचार करतात.

धोका अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. पायाच्या रक्तवाहिनीला इजा होणे, ठोके बिघडणे, क्वचित हृदयाला छिद्र पडणे, हे नवजात बाळात संभवते. झडप फार जाड असेल तर ती फुग्याने दबत नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. हृदयाचा उजवा कप्पा जाड झालेला असल्याने झडप मोकळी झाल्यावरही निळसरपणा लगेच जाईलच असे नाही. काही दिवस औषध चालू ठेवावे लागले तर घाबरू नये. नंतर झडप थोडी गळते, पण ही गळती मुले बहुधा अनेक वर्षे चांगली सोसतात. काहींना पुन्हा फुगा लागतो, म्हणून इकोच्या तारखा चुकवू नयेत. (महाधमनीच्या झडपेचे गणित वेगळे आहे. तेथे फुगा कड्याहून मोठा घेत नाहीत, कारण त्या झडपेची गळती हृदयाला जड जाते.)

आमच्या सीमाभागातील एक अडचण येथे सांगायलाच हवी. बाळ जन्मते कर्नाटकात, रेशनकार्ड असते महाराष्ट्राचे, आणि बाळाचे नाव कोणत्याच कार्डावर चढलेले नसते. आई-वडिलांची आधार कार्डे, सासरचे रेशनकार्ड आणि जन्माची नोंद घेऊन पहिल्याच दिवशी रुग्णालयातील आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटावे आणि कोणत्या राज्याची योजना लागू होते, हे विचारावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून दोन्ही राज्यांत आहे आणि जन्मजात हृदयदोष त्यात येतात. बेळगावहून कोल्हापूर, हुबळी किंवा बेंगळुरूला न्यायचे ठरले, तर औषध चालू ठेवून, सोबत प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या रुग्णवाहिकेतूनच न्यावे.

बारसे बाळ घरी आल्यावर करा. नाव मात्र आजच ठेवलेत तरी चालेल.

आता ग्रहणाविषयी. बाळाच्या हृदयाची मूळ घडण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच होते. सातव्या महिन्यात आपल्या मुलीने काय चिरले किंवा ती कोठे बसली, याचा या झडपेशी काहीही संबंध नाही. हे तिच्या सासरच्या माणसांसमोर, तिच्या देखत, आपण स्वतः सांगा. पुढच्या खेपेस मात्र १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भातील बाळाच्या हृदयाचा इको अवश्य करून घ्यावा.