कंबर दुखत असताना काठीने गळ टाकायला बसावं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, एल-४ एल-५ मधली, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, चकती सरकलेली, डॉक्टरांनी हिंडाफिरायची मुभा दिली आहे. रविवारी पहाटे नागपुरातून मोटारसायकलने रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जाता, काठावर बुटक्या मोढ्यावर बसून ५.४ मीटरची टेलिस्कोपिक काठी धरता आणि तासाभरात कंबर अशी धरते की उठायला दुसऱ्याचा हात लागतो. तर कोणती खुर्ची घ्यावी?

खुर्ची बदलायलाच हवी. पण नुसती खुर्ची बदलून मोढ्याइतकंच दुखेल, कारण कंबरेवरचा बराचसा भार बैठकीतून येतच नाही. तो येतो हातात लोंबणाऱ्या काठीतून आणि दर दोन-तीन मिनिटांनी चाऱ्यासाठी वाकण्या-वळण्यातून. म्हणून काठीपासून सुरू करतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा. पुढे वाकल्यावर, जास्त वेळ बसल्यावर दुखणं वाढतं आणि उभं राहिल्यावर, चालल्यावर हलकं वाटतं, असं असेल तर खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. सरकलेल्या चकतीत बहुधा असंच असतं. साठीच्या पुढच्या पुष्कळांचं उलट असतं: मणक्यातली नळी अरुंद झालेली असते, उभं राहून पाय भरून येतात आणि बसलं, थोडं पुढे झुकलं की बरं वाटतं. त्यांनी मागे वाकायचे व्यायाम करू नयेत, आणि त्यांना किंचित पुढे झुकलेली बैठकच मानवते. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर गळ गुंडाळून त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. यात एक दिवसाचाही उशीर करू नका.

आता काठी. घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती तोला, मग पूर्ण उघडून बोटावर ठेवून तिचा तोल कुठे येतो ते शोधा. समजा ५.४ मीटरची फायबरची काठी ४०० ग्रॅम भरली आणि तोल बुडापासून १.८ मीटरवर आला. तुम्ही धरता बुडापासून ३० सेंटीमीटरवर, म्हणजे सगळं वजन मनगटाच्या दीड मीटर पुढे लटकतं. ०.४ गुणिले १.५ म्हणजे ०.६ किलोग्रॅम-मीटर. मनगटापासून ४० सेंटीमीटर पुढे दीड किलोचं वजन बांधून तासभर बसण्यासारखंच हे आहे, आणि ते पेलून धरतात कंबरेचे स्नायू. हाच हिशेब ३.६ मीटरच्या २०० ग्रॅमच्या काठीचा केला, तोल १.२ मीटरवर धरला, तर उत्तर ०.१८ येतं. तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बांबूची काठी असेल तर ती सहज पाऊण किलोच्या वर जाते. कंबर दुखणाऱ्या माणसाने ती हातात धरून बसूच नये.

बुडात शिसं भरून तोल मागे आणायचा सल्ला पुष्कळ जण देतात. २०० ग्रॅम शिसं मुठीच्या ३० सेंटीमीटर मागे भरलं तर ०.६ मधून जेमतेम ०.०६ कमी होतात, आणि काठी २०० ग्रॅमने जड होते ती वेगळीच. त्या फंदात पडू नका.

लांबी कमी केली तर मासे लागतील का? लागतील, पण त्यांना काठाजवळ आणावं लागेल. शेंगदाण्याची ढेप (पेंड) कुटून त्यात तांदळाचा कोंडा आणि थोडी कणीक मिसळा, लिंबाएवढे गोळे करा आणि काठापासून तीन मीटरवर, एकाच जागी, बसल्या बसल्या पाच-सहा टाका. नंतर दर वीस मिनिटांनी एक. तिलापी आणि लहान रोहू, मृगळ सकाळच्या वेळी गवताच्या कडेला येतातच. त्यांना पाच मीटरवर शोधण्याची गरज नाही. गोळे आदल्या रात्री घरी ओट्यावर उभं राहून मळा, काठावर परातीत वाकून नव्हे.

लहान काठीही सतत हातात ठेवायची नाही. तिला दोन बेचकी लावा. पुढचं बेचकं सरळ, काठीच्या तोलाच्या अगदी जवळ: ३.६ मीटरच्या काठीला बुडापासून साधारण एक मीटरवर. मागचं बेचकं उलटं, म्हणजे बुड वर उचललं जाणार नाही असं. नेमकं इथेच चुकतं: पुढचं बेचकं हाताजवळ रोवलं की तोल त्याच्या पुढे राहतो, काठी पाण्याकडे झुकते आणि बुड दाबून धरायला तुमचा हात अडकतोच. मग बेचकं असून नसून सारखंच. उंची अशी ठेवा की काठी गुडघ्याच्या किंचित वर येईल आणि टोक पाण्यापासून हातभर वर राहील. काठीवर फक्त बोटं टेकलेली, कोपर मांडीवर. फ्लोट बुडाला की मनगट आणि कोपरापासूनचा हात यांनीच झटका द्या. खांदा मागे टाकून, धड वळवून झटका देणाऱ्याची कंबर एका सकाळीत पन्नास वेळा पिळते.

आता बैठक. बुटक्या मोढ्यावर किंवा उकिडवं बसलं की गुडघे नितंबांच्या वर जातात, ओटीपोट मागे कलंडतं आणि कंबरेची नैसर्गिक खळगी सपाट होते, नव्हे, उलटी होते. चकतीची पुढची बाजू दाबली जाते आणि आतला गर मागे, नसांकडे, रेटला जातो. जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एका माणसाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजलं होतं: उभं असताना सुमारे ०.५ मेगापास्कल, सैल बसलं असताना जवळपास तेवढाच, आणि बसून पूर्ण पुढे वाकलं की ०.८३. माणूस एकच होता, म्हणून आकडे धरून बसू नका. पण घात बसण्याने होत नाही, वाकून बसण्याने होतो, एवढं त्यातून नीट दिसतं.

म्हणून उंची मोजून घ्या. मासेमारीचे बूट घालून उभे राहा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत टेप लावा. तुमचं माप ४३ सेंटीमीटर आलं तर बैठक ४८ ते ४९ सेंटीमीटरवर हवी. गुडघे नितंबांपेक्षा थोडे खाली राहतात, खळगी आपोआप टिकते आणि उठताना जोर मांड्यांवर येतो. त्यावर उतरती गादी: कडक फोम, मागे सहा-सात सेंटीमीटर, पुढे तीन. मऊ फोम नको, तो अर्ध्या तासात चेपतो. कापडी घडीची खुर्ची, जिच्यात बाटली ठेवायची जाळी असते, ती दिसायला आरामाची पण या कामाला सगळ्यात वाईट. कापड झोळीसारखं खाली जातं, पुढचा दांडा मांडीखाली रुततो आणि खुर्चीचे दोन्ही हात काठी हलवायला आडवे येतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बिनहाताची प्लॅस्टिकची खुर्ची, वर ती उतरती गादी आणि पायांखाली ६० बाय ६० सेंटीमीटरचा १२ मिलिमीटर प्लायचा तुकडा. प्लाय विसरू नका. आपल्याकडची काळी माती पाण्याजवळ लोण्यासारखी असते; खुर्चीचा एक पाय पाच सेंटीमीटर रुतला की तुम्ही नकळत दुसऱ्या कुशीला तोल सावरत बसता, आणि दोन तासांनी एकाच बाजूची कंबर का दुखते ते कळत नाही.

टिकाऊ हवं असेल तर ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून घ्या. बैठक ४० बाय ३५ सेंटीमीटर, २५ मिलिमीटर चौकोनी पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा. चारही पायांत आतून २० मिलिमीटरचा पाइप सरकता ठेवा, दोन्ही ३५ सेंटीमीटरचे. बाहेरच्या पाइपला ८ मिलिमीटरचा नट वेल्ड करून त्यात हाताने पिळता येईल असा बोल्ट लावा. तळाला १० बाय १० सेंटीमीटरच्या ३ मिलिमीटर पत्र्याच्या टिकल्या. पाय वेगवेगळ्या लांबीचे करता येतात, हाच सगळा फायदा: धरणाच्या उतारावर पुढचे दोन लांब, मागचे दोन आखूड. लोखंडात हे साडेसहा-सात किलो भरतं, जे तुमच्या कंबरेला उचलायला योग्य नाही. ॲल्युमिनियममध्ये वजन निम्म्याच्या आसपास येतं. वेल्डिंग आर्गॉनचं लागतं, खर्च वाढतो, पण तुमच्या बाबतीत तो करावा असं माझं मत आहे.

पाठीला टेका हवा की नको? काठी हातात असते तेव्हा टेका कामाचा नाही, कारण तुम्ही पुढे सरकलेले असता. पण काठी बेचक्यांवर ठेवल्यावर पाठ टेकता आली पाहिजे. टेक्यापाशी पट्ट्याच्या उंचीवर टॉवेलची गुंडाळी ठेवा, दाबल्यावर आठ सेंटीमीटर राहील एवढी जाड. त्याहून वर सरकली तर ती बरगड्यांना लागते आणि खळगी तशीच रिकामी राहते. कमरेचा पट्टा प्रवासात आणि सामान उचलताना बांधा. बसल्यावर काढून ठेवला तरी चालेल, नुसता पट्टा बांधून वाकून बसण्याचं नुकसान भरून निघत नाही.

पाय. टाच आणि चवडा दोन्ही टेकलेले, खांद्याएवढं अंतर. खिंडसीच्या काय किंवा वडगावच्या निम्न वेणा धरणाच्या काय, पाळूवरच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांवर, बसायचा मोह टाळा. गोटे डुगडुगतात, पाय घसरू नये म्हणून मांड्या सतत ताठ राहतात आणि तो ताण थेट कंबरेत जातो. पिचिंग सोडून जिथे मातीचा सपाट काठ आहे तिथे बसा. थोडा उतार असेल तर खुरपं जवळ ठेवा: खुर्चीचे मागचे पाय उतारात खोदून बसवा आणि टाचांसाठी दोन खाचा करा. दहा मिनिटांचं काम आहे, ते एक गुडघा टेकून करा.

मग सामानाची मांडणी. चाऱ्याचा डबा, गांडुळांची डबी, कात्री, फडकं, पाण्याची बाटली हे सगळं बैठकीच्या उंचीवर, ज्या हाताने आमिष लावता त्या बाजूला, कोपर अंगाला लावून हात पोहोचेल इतक्या जवळ. एक उलटी बादली आणि तिच्यावर ट्रे, झालं. जमिनीवर, त्यातही मागच्या बाजूला ठेवलेला डबा तासात वीस वेळा वाकून-वळून उचलायला लागतो, आणि वाकणं अधिक पिळणं हा चकतीला सगळ्यात न मानवणारा मेळ आहे. हातजाळ्याची दांडी निदान दोन मीटरची घ्या, म्हणजे मासा आत घेऊन जाळं जमिनीवरून ओढत आणता येतं. दांडी आडवी धरून जाळं हवेत उचलायचं नाही. मासा सोडवायला तो ट्रेवर घ्या.

वेळ. वाकून बसलं की कंबरेचे अस्थिबंध हळूहळू ताणून सैल पडतात. कॅनडात मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ साली दाखवलं की वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर दोन मिनिटांत साधारण निम्मंच ताणलेपण परत येतं. म्हणून दर वीस मिनिटांनी, मोबाईलवर गजर लावून, मासा टोचत असला तरी उठा. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरका, पाय आत घ्या, हात मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून उभे राहा. दोन मिनिटं चाला. डॉक्टरांची हरकत नसेल तर कंबरेवर हात ठेवून सावकाश पाच वेळा मागे वाका. आणि उठल्याबरोबर लगेच वाकून बादली उचलू नका, त्या क्षणी सांधे सैल असतात.

आता पहाटेचं. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिला तास-दीड तास त्या टणक असतात आणि वाकल्यावर जास्त ताण घेतात. नेमक्या याच वेळात आपण बूट बांधतो, पिशव्या गाडीवर चढवतो आणि पन्नासेक किलोमीटर खड्डे खात जातो. सामान रात्रीच बांधून ठेवा, उठल्यावर तासभर घरात हिंडा, बूट पाय स्टुलावर ठेवून घाला. शक्य असेल तर चारचाकीवाल्या सोबत्याबरोबर जा. मोटारसायकलच असेल तर पाठीवर पिशवी नको, मागच्या सीटवर बांधा आणि मध्ये मौद्याकडे किंवा मनसरला, जो रस्ता घ्याल तिथे, एकदा उतरा. पोचल्यावर सरळ बसू नका. डिसेंबर-जानेवारीत तर आधी दहा मिनिटं काठाने चालून जागा बघा. थंडीत आखडलेले स्नायू लगेच धरतात. पाणी पाच लिटर म्हणजे पाच किलो, ते एका हातात नेण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्धं अर्धं न्या.

शेवटी दोर. अडकलेला गळ ओढताना बसलेला धक्का पुष्कळांना आठवडाभर आडवं करतो. मुख्य तंगुसापेक्षा (तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी) गळाजवळची वीतभर तंगूस बारीक ठेवा, म्हणजे ०.२२ मिलिमीटरला ०.१८ ची, ती आधी तुटेल. अडकला तर काठीने झटके देऊ नका: काठी मिटवून बाजूला ठेवा, तंगूस एका लाकडाला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळा आणि पाण्याकडे तोंड करून, हात अंगाला लावून, सावकाश मागे चालत जा. मोठा रोहू लागला तर बसून झुंजू नका. आधी उभे राहा, कोपर बरगडीला लावा, काठी वर उचललेली ठेवा आणि मासा पळेल तसं काठाने चालत त्याच्यामागे जा. तुटला तर तुटू द्या.

जागा ठरवण्याआधी एवढं बघा: तलावांवरचा मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, त्यांच्या माणसाला विचारूनच बसा. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. संस्थेच्या माणसाला भेटाल तेव्हा मातीचा सपाट काठ आणि सकाळी सावली कुठे असते तेही विचारून घ्या, त्यांना ते आपल्यापेक्षा नक्की माहीत असतं.