गालिचा घ्यायचाय? आधी सांगा, घरात सांडतं काय

हॉलसाठी पाच बाय सातचा गालिचा हवा आहे. मुलगा दोन वर्षांचा, आणि रविवारची मिसळ आम्ही खाली बसूनच खातो. दुकानदार लोकर सुचवतो, आमचे हे म्हणतात नायलॉन मजबूत. काय घेऊ? (इंदिरानगर)

ताई, तुमच्या घरात दोन्ही नको. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचा धागा, तो घ्या.

लोकर आणि नायलॉन दोन्ही रंग चटकन पितात, आणि हळद म्हणजे तर रंगच. पॉलिप्रॉपिलीनचं तसं नाही. त्याचा रंग धागा ओढायच्या आधीच वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कालवलेला असतो. नंतर तो धागा ना पाणी पितो ना रंग. हळद वरच राहते, पुसली की बरीचशी निघते.

माझाच किस्सा सांगतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या लोकरीच्या गालिच्यावर करंडा उपडा झाला. मी इतक्या वर्षांचा गालिचेवाला, पण घाबरून कपड्याच्या साबणाने घासायला घेतलं. पिवळा डाग बघता बघता लालभडक! हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच मी गालिच्यावर करून बसलो होतो. साबणातल्या क्षारानेही हळद लालच होते. मग पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून टिपलं, लाली उतरली. उरलेला पिवळा डाग गच्चीवरच्या उन्हाने हळूहळू फिका केला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तरी जवळ जाऊन पाहिलं तर तळहाताएवढी सावली आजही दिसते.

पॉलिप्रॉपिलीनची खोड म्हणजे तेल. मिसळीची तर्री त्याला धरून बसते, मग त्यावर धूळ. सांडल्याबरोबर टिश्यूने टिपा, घासू नका. दुसरं, त्याची लव, म्हणजे वर उभे असलेले धागे, लवकर चेपते. सोफ्यासमोर दोन-तीन वर्षांत वाट पडेल. आणि त्यावरून जड कपाट ओढू नका. हा धागा साधारण १६५ अंशाला वितळतो, घासण्याच्या उष्णतेनेसुद्धा चकाकणारा चरा उठतो. पण किंमत पाहता तक्रार करू नये.

त्र्यंबक रोडला तळमजल्यावर राहतो. तागाचा गालिचा पावसाळ्यात कुबट वास मारतो, आणि पाणी सांडलं तिथे तपकिरी कडा उमटली आहे. धुऊन निघेल का? (वाचक)

नाही, धुतलात तर वाढेल. तागात लाकडासारखंच लिग्निन असतं, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा तपकिरी पदार्थ. ओला ताग सावकाश वाळतो, तेव्हा तो तपकिरी अंश पाण्याबरोबर वर येतो आणि टोकाशी सुकून बसतो. तुमच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतीही ओल धरतात, तिथे ताग बिचारा काय करणार? आता कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी देऊन टाका. तळमजल्यावर मी साधी सुती सतरंजी घालीन. ओली होते, पण झटकून दोरीवर टाकता येते.

प्रदर्शनातून ‘बांबू सिल्क’चा गालिचा घेतला, चमक अप्रतिम. चहा सांडला म्हणून ओल्या फडक्याने पुसला, तर तेवढा भाग कडक आणि पिवळसर झाला. फसवणूक झाली का? (गंगापूर रोड)

नावाने झाली. ‘बांबू सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ या नावांखाली बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, म्हणजे लाकडाच्या नाहीतर बांबूच्या लगद्यापासून केलेला धागा. चमक खरी, पण ओला झाला की त्याचा जोर निम्म्याच्या आसपास येतो आणि लव आडवी पडून चिकटते. साध्या पाण्याचाही डाग पडतो.

घरी खात्री करायची असेल तर मागच्या बाजूने लवेचा एक धागा उपटा, चिमट्यात धरून मोरीत काडी लावा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ करडी राख, तर व्हिस्कोस किंवा सूत. केस जळाल्याचा वास आणि बोटाने चुरगळणारी काळी राख, तर रेशीम किंवा लोकर. आकसून कडक मणी झाला, तर प्लास्टिकच्या जातीचा. खरेदीआधी दुकानदाराकडे असा एक धागा मागा. तो तोंड वाकडं करतो की कात्री आणतो, यावरूनही बरंच कळतं.

गालिचा आता बैठकीतून काढून, चपला आणि चहा दोन्ही जात नाहीत अशा खोलीत टाका.

सासूबाईंचा भदोहीचा (उत्तर प्रदेशातलं गालिच्यांचं गाव) लोकरी गालिचा माळ्यावर आहे. कसर लागली असावी. ठेवावा की टाकावा? (पंचवटी)

टाकू नका हो! चांगली लोकर चेपली तरी पुन्हा उभी राहते. असा गालिचा पिढ्या काढतो. उलटा घालून मागून काठीने झोडा, भुसा पडेल. दिवसभर उन्हात ठेवा, व्हॅक्यूम फिरवा. कसर अंधारात, न हलवलेल्या लोकरीत वाढते, म्हणून परत माळ्यावर नकोच. निजायच्या खोलीत अंथरा. डिसेंबरात पहाटे पाय खाली टाकाल तेव्हा सासूबाईंची आठवण येईल.

ऑफिसच्या जिन्यासाठी? (सातपूर)

नायलॉन, आखूड लवेचं, गडद रंगात. थंडीत दाराच्या कडीला हात लावताना स्थिर विजेचा चटका बसेल, तेवढं सोसा.