जर्मन की स्लोव्हेनियन? ल्युब्ल्यानाला निघालेल्यांसाठी माझं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएचडीसाठी चार वर्षं स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानाला जाताय, प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागणार आहे, नंतर नोकरी जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात बघायची आहे, आणि भाषेसाठी दिवसाला तासभरच मिळेल. घरचे, मित्र सगळे म्हणतात की वीस लाख वस्तीच्या देशाची भाषा शिकून काय करणार, जर्मनच घे. मी इथे बरीच वर्षं राहतोय, दोन्ही भाषा वापरतो, आणि मला हे पटत नाही. आधी स्लोव्हेनियन घ्या, बी१ पातळीपर्यंत (ए१ ते सी२ या युरोपीय मोजपट्टीवरची तिसरी पायरी, रोजचं बोलणं निभावेल इतकी) न्या, मग जर्मन. दोन्ही एकदम सुरू करू नका. तासभराचे दोन अर्धे तास झाले की एकही धड होत नाही.

जर्मन कुठेही जात नाही. नऊ-दहा कोटी लोकांची मातृभाषा आहे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, डॉइचे वेलेचे फुकट धडे आहेत. ती पस्तिशीतही शिकता येईल, नाशिकला बसूनही शिकता येईल. स्लोव्हेनियनचं तसं नाही. ती आजूबाजूला सतत कानावर पडेल अशी जागा जगात फार थोडी आहे, आणि तिथे राहायची संधी तुमच्याकडे चालून आली आहे.

आता अवघडपणाबद्दल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा जर्मनसाठी साधारण ३६ आठवडे धरते आणि स्लोव्हेनियनसाठी ४४. हा आकडा दाखवून लोक घाबरवतात. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. तुम्ही मराठी आहात आणि दहावीपर्यंत संस्कृत केलंय, तुमचा हिशेब वेगळा.

स्लोव्हेनियनमध्ये द्विवचन जिवंत आहे. शाळेत आपण गच्छावः, गच्छामः पाठ केलं, ते पेपरपुरतं. इथे दोघं मित्र कॉफीला निघाले तर म्हणतात 'ग्रेवा', तिघं असतील तर 'ग्रेमो'. शेवटचा व आणि म बघा. ही नुसती योगायोगाची गंमत नाही, दोन्ही भाषांना हे प्रत्यय एकाच पूर्वजाकडून आलेत. कॉफी मागवताना एना कावा, द्वे कावी, त्री कावे; पाचापासून पुढे रूप पुन्हा बदलतं. विभक्ती सहा: पंचमी आणि संबोधन वजा करा, बाकी सगळ्या तुमच्या ओळखीच्या. लिंगं तीन, मराठीसारखीच, आणि बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटावरून ओळखता येतात. जर्मनमध्ये डेअर, डी, दास ही लिंग दाखवणारी उपपदं बहुतेक नामांबरोबर पाठ करण्यावाचून इलाज नाही.

खरा घाम क्रियापदं काढतात. एकच क्रिया 'चालू असलेली' आणि 'उरकलेली' अशा दोन वेगळ्या क्रियापदांनी सांगतात: खरेदी करत होतो म्हणायला 'कुपोवाती', घेऊन टाकलं म्हणायला 'कुपिती'. आपल्या 'टाकणे'चा कान असल्यामुळे मराठी माणसाला यातला फरक लवकर जाणवतो, पण जोड्या पाठ कराव्याच लागतात. शिवाय आघात कुठे द्यायचा ते लिहिलेलं नसतं, आणि बोली इतक्या की ल्युब्ल्यानात शिकलेला माणूस ईशान्येकडच्या प्रेकमुर्ये भागात गेला की बावरतो.

जर्मनला न्याय द्यायचा तर तिच्यातही आपल्याला सोपं जाणारं बरंच आहे. 'मला वाटतं की तो उद्या येतो' हे वाक्य जर्मनमध्ये जवळजवळ याच क्रमाने येतं, क्रियापद शेवटी. इंग्रजीवाले तिथेच अडखळतात. आकड्यांत तर तिन्ही भाषा एका बाजूला आहेत. पंचेचाळीस म्हणताना आपण पाच आधी घेतो, तसंच जर्मन आणि स्लोव्हेनियनही.

इथली मोठी अडचण व्याकरण नाही, लोकांचं इंग्रजी आहे. तरुण मंडळी अस्खलित बोलतात, तुमचा उच्चार ऐकला की लगेच इंग्रजीवर येतात, आणि तेही चांगुलपणाने. त्यामुळे चार वर्षं राहून फक्त 'ह्वाला' (धन्यवाद) म्हणणारे मी खूप पाहिलेत. 'ऊचिम से स्लोवेन्स्को', म्हणजे मी स्लोव्हेनियन शिकतोय, असं न लाजता सांगा आणि बोलत राहा. मध्यवर्ती बाजारातल्या आजी यासाठी उत्तम: थांबून ऐकतात, चूक सुधारून देतात. तिथेच कळेल की सलामी २०० ग्रॅम हवी तर 'द्वाइसेत देक' म्हणायचं, देक म्हणजे दहा ग्रॅम. उद्या ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये जर्मन बोलतानाही हेच माप 'डेका' म्हणून भेटेल.

ही भाषा इथल्या लोकांच्या इतकी जिव्हाळ्याची का, हेही समजून घ्या. शतकानुशतकं कारभाराची भाषा जर्मन होती. १५५० मध्ये प्रिमोझ त्रुबार या धर्मसुधारकाने स्लोव्हेनियनमधली पहिली पुस्तकं छापली, तीही ट्युबिंगेनमध्ये, जर्मन भूमीवर. स्वतंत्र देश व्हायला १९९१ साल उजाडलं. कवी प्रेशेरेनचा मृत्युदिन, ८ फेब्रुवारी, हा संस्कृतीचा दिवस म्हणून राष्ट्रीय सुट्टी असतो. परक्या माणसाने मोडकंतोडकं का होईना बोललेलं त्यांना मनापासून भिडतं. घरमालक, सहकारी, शेजारी यांच्याशी नातं बदलतं ते तिथून.

जर्मन आधी घ्यावी असे प्रसंगही आहेत. मुक्काम वर्षभराचाच असता, किंवा जर्मनीतल्या नोकरीचं पत्र हातात असतं, तर मी तेच सांगितलं असतं. जर्मनीत ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) कायम वास्तव्याचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी आणि बी१ असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो, त्यामुळे तिथे भाषेचं मोल थेट महिन्यांत मिळतं. तुमच्या बाबतीत तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर जर्मन सुरू करा. तोवर सहा विभक्ती पचलेल्या असतील, जर्मनच्या चारांचं ओझं वाटणार नाही. सरावाला ऑस्ट्रिया शेजारीच आहे, कारावांके बोगदा ओलांडला की आलंच.

आत्तापासून निघेपर्यंत ल्युब्ल्याना विद्यापीठाचा 'स्लॉनलाइन' (Slonline) हा फुकट अभ्यासक्रम करा. शंभरपर्यंतचे आकडे ऐकून ओळखता आले पाहिजेत, आणि चालू काळ द्विवचनासकट यायला हवा, एवढं पुरे. विद्यापीठाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. परदेशी विद्यार्थ्यांच्या भाषावर्गाची चौकशी प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबरच करून ठेवा, आणि संध्याकाळचा वर्ग मागा, कारण सकाळी प्रयोगशाळा सुटत नाही.