नायजेरियात नोकरी मिळाली आहे, पण तिथल्या लासा तापाची भीती कितपत खरी? उंदरांना विष घालून भागतं का?

तुम्ही लिहिलंय की बेनिन सिटीजवळच्या कारखान्यात जानेवारीत रुजू व्हायचंय, आणि बायकोने मोबाइलवर 'लासा फिव्हर' वाचल्यापासून घरात कुणी धड जेवत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्याच एडो राज्यात सहा वर्षं एका कंपनीचं गोदाम सांभाळलंय, त्यामुळे उंदीर या विषयात माझा अनुभव नको इतका आहे.

जा. फक्त विषाच्या भरवशावर जाऊ नका.

उंदरांचा रोग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे प्लेग येतो. आमच्या घरी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची: घरात उंदीर पडला की कुलूप घालायचं आणि गाव सोडून माळावर झोपडी बांधायची. मेलेला उंदीर हीच धोक्याची सूचना. लासात ही सूचनाच मिळत नाही. लासाचा विषाणू ज्याच्या अंगात राहतो, तो मास्टोमिस नावाचा उंदीर मरत नाही, आजारीही दिसत नाही. खातो, पितो, लघवीतून आणि लेंड्यांतून विषाणू सांडत हिंडतो. दिसायला अगदी साधा, आपल्या घरातल्या उंदरासारखाच. मादीच्या पोटावर मात्र स्तनांच्या रांगाच रांगा असतात, आणि एका विणीत दहा-बारा पिल्लं सहज होतात. विषाचं गणित इथेच फिसकटतं.

आम्ही दरवर्षी हरमॅटनच्या आधी, म्हणजे सहारातून येणारा तो कोरडा धुळकट वारा सुटायच्या आधी, विषाच्या वड्या ठेवायचो. पंधरा दिवस टोपल्या भरून उंदीर निघायचे. साहेब खूश. मग पावसाळा लागेपर्यंत पोत्यांमागे पुन्हा तितक्याच लेंड्या. पुढे कळलं की गिनीतल्या खेड्यांत संशोधकांनी हाच प्रयोग शिस्तीत, वर्षानुवर्षं करून पाहिला, आणि तिथेही काही महिन्यांत रिकामी जागा शेजारच्या शेतातल्या उंदरांनी भरून काढली.

गोदामात खरा फरक पडला तो बिनडोक वाटणाऱ्या कामांनी. पोती भिंतीपासून दीड फूट लांब, तीही फळ्यांवर. शटरखालच्या फटीला जाळी. सांडलेला दाणा त्याच दिवशी उचलायचा. आणि लेंड्या दिसल्या की कोरडा झाडू मारायचा नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्याने धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाते. आधी ब्लीचचं पाणी शिंपडायचं, थोडा वेळ थांबायचं, मग हातमोजे घालून पुसून घ्यायचं. साबणाने आणि ब्लीचने हा विषाणू मरतो, शिजवल्यानेही मरतो.

खाण्यात लक्ष ठेवायचं ते गारीवर. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याच कसावाचा किसून, आंबवून, भाजलेला जाडसर रवा म्हणजे गारी. बेनिनहून औचीकडे जाताना रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पसरून ती वाळत घातलेली दिसते. रात्री तिच्यावरून कोण फिरलं, कोण सांगणार? गरम पाण्यात घोटून तिचा गोळा केला तर ठीक, पण उन्हाळ्यात लोक ती थंड पाण्यात भिजवून साखर-शेंगदाणे घालून तशीच खातात. मलाही आवडायची. आमची स्वयंपाकीण गारीच्या बादलीवर ताटली ठेवायची, आणि सकाळी ताटली हमखास सरकलेली. बाजारात गारी मोजायचं मापच 'पेंट' आहे, म्हणजे रंगाचा रिकामा डबा. तसेच घट्ट झाकणाचे चार डबे आणून दिले, तेव्हा तो विषय मिटला.

आता आकडे, कारण घरच्यांना तेच दाखवावे लागतील. लागण झालेल्या दहापैकी आठ जणांना फारसं काही होत नाही. रुग्णालयात दाखल करायची वेळ येते, त्यांच्यात मात्र शंभरात पंधरा किंवा त्याहून जास्त दगावतात. नायजेरियात २०१८ साली सहाशेहून अधिक पक्के रुग्ण सापडले, २०२० मध्ये अकराशेच्या वर. देश वीस कोटींचा. अर्थात तपासणी न झालेले कितीतरी असणार. बहुतेक रुग्ण डिसेंबर ते एप्रिलमधले. रानं कोरडी पडतात, कोकणातल्या भाजावळीसारखी पेटवतात, आणि उंदीर घरात शिरतो. तुम्ही नेमके त्याच दिवसांत पोहोचताय.

माणसाकडून माणसाला? होतं, पण शिंकेने नाही, रक्तातून आणि अंगातल्या इतर स्रावांतून. जगाला हा रोग कळला तोच असा. १९६९ साली नायजेरियाच्याच बोर्नो राज्यातल्या लासा गावच्या मिशन रुग्णालयात लॉरा वाईन ही परिचारिका आजारी पडली. तिला जोस शहरात हलवलं, तिथे ती वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या शार्लट शॉच्या बोटाला गुलाब तोडताना काटा लागलेला होता, आणि त्याच बोटाने तिने वाईनचं तोंड पुसलं. तीही गेली. तिसरी, पेनी पिनिओ, वाचली. पुढे येल विद्यापीठात या विषाणूवर काम करणारे जॉर्डी कसाल्स स्वतःच आजारी पडले, तेव्हा पिनिओचा रक्तद्रव देऊन त्यांना वाचवलं. त्याच येलमधला एक तंत्रज्ञ मात्र दगावला. गावाच्या नावाला मात्र उगाच कायमचा डाग लागला.

लस अजून बाजारात नाही, चाचण्या चालू आहेत. रिबाव्हिरिन हे विषाणूवरचं औषध देतात, त्याच्या गुणाबद्दल हल्ली वाद आहे, पण उपचार लवकर सुरू झालेले बरे यात वाद नाही. आणि तिथेच घात होतो, कारण सुरुवातीला हा ताप हुबेहूब मलेरिया वाटतो. आमच्या वजनकाट्यावरच्या माणसाला गावातल्या एका दवाखान्याने आठ दिवस मलेरियाचंच औषध दिलं. शेवटी त्याला इरुआच्या रुग्णालयात नेलं, जिथे लासाची तपासणी तिथल्या तिथे होते. तो वाचला. पण उजव्या कानाने ऐकू येईना; बोलताना सतत डावा कान पुढे करायचा, आणि गाडीचा नंबर दोनदा ओरडून सांगावा लागायचा. वाचलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला असं बहिरेपण येतं. म्हणून मलेरियाचं औषध घेऊनही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर दुसरा कोर्स करत बसू नका, थेट इरुआ गाठा. बेनिनहून वाट सरळ एकपोमावरूनच आहे.

वहिनींना सोबत न्यायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो. दिवस असतील तर बाळंतपण होईपर्यंत नेऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत लासा झाला तर आई किंवा बाळ हाती लागणं फार कठीण असतं.

आणि सुट्टीवर घरी आल्यावर एकवीस दिवसांच्या आत ताप आला, तर आपल्या डॉक्टरांना डेंगी, लेप्टो सुचेल, लासा सुचणार नाही. नायजेरियाहून आलोय, हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगा.