फेडरल जिल्हा न्यायाधीश गव्हर्नरला कसा अडवतो? फ्रँक जॉन्सन यांचं उदाहरण घ्या

अमेरिकेतला फेडरल (म्हणजे केंद्राचा) डिस्ट्रिक्ट जज म्हणजे आपल्याकडचा जिल्हा न्यायाधीशच ना, मग तो राज्याच्या गव्हर्नरला कसा काय अडवतो, असं तुम्ही विचारलंय. हुद्दा ऐकायला सारखा असला तरी अधिकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. साक्षीपुरावे, ज्युरी, शिक्षा हे सगळं त्याच्याचपुढे चालतं. पण राज्याचा एखादा कायदा घटनाबाह्य ठरवून त्याची अंमलबजावणी थांबवायची ताकदही त्याच खुर्चीत आहे. आपल्याकडे त्यासाठी हायकोर्टात रिट घेऊन जावं लागतं. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट मंजुरी देते, आणि मग तहहयात. बदली नाही, निवृत्तीचं वय नाही, पगाराला कात्री लावता येत नाही. काढायचंच तर महाभियोग, आणि तो आजवर फक्त 8 फेडरल न्यायाधीशांवर सिद्ध झालाय. अलाबामा राज्याचे स्वतःचे न्यायाधीश मात्र मतं मागून निवडून येतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फ्रँक एम. जॉन्सन ज्युनियर, जन्म 1918, गाव अलाबामाच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीत. 1861 मध्ये राज्य संघराज्यातून फुटलं तेव्हा या काउंटीने साथ द्यायला नकार दिला होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत जखमी झालेले. लॉ कॉलेजात बरोबरीला जॉर्ज वॉलेस, जे पुढे अलाबामाचे गव्हर्नर आणि वर्णभेदाचे कट्टर समर्थक झाले. 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अलाबामाची राजधानी माँटगोमेरीला नेमलं तेव्हा वय 37. त्याच वर्षी 1 डिसेंबरला बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला तिथे अटक झाली. बसमधल्या वर्णभेदाचं प्रकरण तीन न्यायाधीशांपुढे आलं (राज्याच्या कायद्याला आव्हान असलं की तेव्हा तिघे बसत). जून 1956 मध्ये 2 विरुद्ध 1 असा निकाल लागला: हा भेदभाव घटनाबाह्य. बहुमतातल्या दोघांत नवखे जॉन्सन होते.

म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून राज्याने 28 बाजूंचा विचित्र आकार केला आणि जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर काढले, तेव्हा जॉन्सन यांनी दावा फेटाळला होता. 1960 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निर्णय उलटवला.

वॉलेसशी पहिली चकमक जानेवारी 1959 मधली. वॉलेस तेव्हा राज्याचे सर्किट जज होते. कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखलं जातं का, हे तपासणाऱ्या केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला मतदार नोंदणीची दप्तरं दाखवायला त्यांनी जाहीर नकार दिला; तुरुंगात गेलो तर हिरो होऊ, हा हिशेब. जॉन्सन यांनी आदेश काढताच दप्तरं गुपचूप ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवायचे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) हाती गेली आणि तिथून आयोगाकडे. अवमानाच्या सुनावणीत जॉन्सन यांनी वॉलेसना सोडून दिलं, पण निकालात लिहून ठेवलं की आडमार्गाने का होईना, यांनी आदेश पाळला आहे. बाहेर वाघ, आत आज्ञाधारक! मला विचाराल तर तुरुंगापेक्षा ही शिक्षा जड होती.

सेल्मा तुम्हाला माहीत असेलच. अलाबामातल्या या शहरातून मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमेरीकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चावर 7 मार्च 1965 ला पुलावर पोलिसांनी लाठीमार केला. दोनच दिवसांनी जॉन्सन यांनी सुनावणी होईपर्यंत मोर्चाच थांबवला होता, हे बरेच जण विसरतात. मग साक्षी झाल्या, लाठीमाराची फिल्म कोर्टात दाखवली गेली, आणि 17 मार्चला परवानगीचा आदेश निघाला. अन्याय जेवढा मोठा, तेवढाच रस्त्यावर उतरायचा हक्क मोठा, हे त्यामागचं सूत्र. पण महामार्गाच्या दोन लेनच्या टप्प्यात 300 पेक्षा जास्त माणसं नकोत, हेही त्याच आदेशात. गव्हर्नर वॉलेसना मोर्चा अडवता आला नाही. दोन वर्षांनी जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला गेला, आई वाचली.

मला मात्र त्यांचं सर्वांत मोठं काम मनोरुग्णालयाच्या खटल्यातलं वाटतं. टस्कलूसाच्या ब्राइस हॉस्पिटलात सुमारे 5000 रुग्ण, आणि प्रत्यक्ष उपचारात एक पीएचडी मानसशास्त्रज्ञ, मानसोपचाराचं थोडंफार प्रशिक्षण असलेले तीन डॉक्टर, दोन प्रशिक्षित समाजसेवक. एका रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणावर 50 सेंटही खर्च होत नव्हते. उपचारासाठी म्हणून डांबता आणि उपचारच देत नाही, हे घटनेत बसत नाही, असं जॉन्सन 1971 मध्ये म्हणाले. सरकारला वेळ दिला, काही हललं नाही. मग 1972 मध्ये त्यांनी मोजमापच लिहून दिलं: आठ रुग्णांमागे एक संडास, पंधरांमागे एक शॉवर किंवा टब, एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, रुग्णांच्या नळाला येणारं गरम पाणी 110 अंश फॅरेनहाइट. न्यायाधीशाने नळाच्या पाण्यापर्यंत जावं का, यावर तेव्हाही वाद होता, आजही आहे. पण विधिमंडळ पैसा देईना आणि रुग्णांना कोणी मत मागायला जात नव्हतं. अशा वेळी निवडणुकीची धास्ती नसलेलाच माणूस हे लिहू शकतो. राज्याच्या न्यायाधीशाकडून मी ही अपेक्षा धरली नसती.

आदेश काढून मोकळं होता येत नाही, हा या नोकरीचा दुसरा भाग. अंमलबजावणी झाली का, हे तेच कोर्ट बघत बसतं. जॉन्सन 1979 मध्ये अपील कोर्टाचे न्यायाधीश झाले, 1999 मध्ये वारले, तरी मनोरुग्णालयाचा खटला चालूच. त्यांच्या रिकाम्या जागेवर 1980 मध्ये टस्कीगीचेच मायरन थॉम्पसन हे कृष्णवर्णीय न्यायाधीश आले आणि डिसेंबर 2003 मध्ये त्यांनी तो निकाली काढला.