रानात दोन दिवस, हाताला चार कामं

डिसेंबर जवळ आला की रानातल्या मुक्कामाचे बेत सुरू होतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची आहेत : शनिवार-रविवार एकत्र जमायचं आणि विस्तव, आडोसा, दोरी, कोयता ही कामं एकमेकांना शिकवायची. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमचा ट्रेकिंगचा गट आहे, येणारे चोवीस आणि शिकवणारे चार. रानातली कौशल्यं शिकवायची यादी केली तर चौदा विषय निघाले. दोन दिवसांत कसे बसवायचे? सामान किती लागेल? (पुणे)

चौदा विषय कानावरून जातील, हातात एकही उरणार नाही. चारच घ्या : कोयता, आडोसा, विस्तव, दोरी. क्रमही हाच ठेवा, कारण एकातून दुसरं निघतं. कोयता चालवता आला की खुंट्या होतात, खुंट्यांवर ताडपत्री ताणली जाते, खाली पडलेल्या ढलप्या चुलीला लागतात. दोरी शेवटी, कारण ते बसून करायचं काम आहे आणि रविवारी सकाळी सगळ्यांचं अंग आंबलेलं असतं. फासे आणि सापळे यादीतून काढाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावणं हीदेखील शिकारच धरली जाते. नुसता नमुना दाखवायलाही नको.

शनिवारी साडेआठला हजेरी, नऊ ते साडेदहा कोयता, अकरा ते दीड आडोसा, जेवण, साडेतीन ते साडेपाच विस्तव. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर धारेचं कुठलंही काम नाही; कोयते मोजून एका पेटीत आणि पेटीला कुलूप. रविवारी सातला आडोशांची पाहणी, साडेआठ ते साडेदहा दोरी, मग प्रत्येकाने एका काडीत विस्तव पेटवून अर्धा लिटर पाणी उकळून दाखवायचं. दोनला आवराआवर.

चार ठिकाणी चार विषय मांडून गट फिरवत ठेवायची पद्धत टाळा. शिकवणारा एकच गोष्ट चार वेळा सांगून थकतो आणि चौथ्या गटाला उरलंसुरलं मिळतं. सहा जणांमागे एक शिकवणारा द्या आणि चारही गटांना एकाच वेळी एकच काम करू द्या. यात सामान चौपट लागतं हे खरं. पण शिबिराची निम्मी मेहनत आदल्या आठवड्यात हे सामान जमवण्यातच आहे.

तिघांत एक आडोसा धरला तर चोवीस जणांना आठ आडोसे. प्रत्येक आडोशाला ९ x १२ फुटांची ताडपत्री, १५-१६ फुटी दोन बांबू (एकाचे दोन उभे खांब, दुसऱ्याचा आडवा), वीतभर लांबीच्या आठ खुंट्या आणि ४० फूट दोरी. म्हणजे बांबू १६ आणि वरकड २, दोरी ३२० फूट, वरकड धरून सुमारे ४००. बांबू शेतकऱ्याकडूनच घ्या. वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू २०१७ पासून कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे व्यवहार सोपा झाला आहे. चिरलेल्या बांबूची कड पात्यासारखी कापते, म्हणून फोडताना हातमोजे घाला. सरपण शंभरेक किलो, वाळलेलं, विकत घेतलेलं. कोयते बाराच आणा. दोघांत एक असला की एक जण काम करतो आणि दुसरा त्याच्याकडे बघतो, आणि बघणाऱ्याला चूक आधी दिसते.

कोयत्याचा पाठ घाईने उरकू नका. हातात कोयता घेऊन हात लांब करा आणि सावकाश स्वतःभोवती फिरा : त्या वर्तुळात कुणी नको, वर फांदी नको. खुंटी ओंडक्यावर टेकवूनच तासायची, आणि तीही ओंडक्याच्या पलीकडच्या कडेला. अलीकडे तासली तर निसटलेला घाव थेट मांडीवर येतो. आपल्या कोयत्याचं टोक वळलेलं असतं. ते ओंडक्याच्या कडेत अडकलं की मनगट फिरतं, म्हणून पात्याचा मधला भाग वापरायला शिकवा. बोथट कोयता लाकडात शिरत नाही, सटकतो. आदल्या दिवशी आधी कानस, मग दगड लावून सगळ्यांना धार करून ठेवा.

आडोसा शनिवारीच बांधायचा, कारण रात्री त्यातच झोपायचं आहे. ताडपत्री सैल राहिली तर पहाटेचं दव मधल्या झोळात साचतं. चारही बाजूंनी खाली ओढून बंद केली तर श्वासाची वाफ आतून धरते आणि पांघरूण ओलं होतं. वाऱ्याच्या बाजूची कड जमिनीलगत आणि समोरची कमरेएवढी वर, एवढं जमलं तरी पुरे. ओढ्याच्या पात्रात मुक्काम नको, तिथे थंडी साचते. ताण देणाऱ्या टोकाला सुरगाठ मारायला लावा; दवाने भिजून आवळलेली निरगाठ सकाळी गारठलेल्या बोटांनी सुटत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ज्या गावाच्या रानात जाल, तिथे ही कामं रोज करणारी माणसं असतात : ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली. त्यांतल्या एखाद्या जाणत्याला शिकवायला बोलवा, मानधन आधी ठरवा, बुडणारी रोजंदारी त्यात धरा. आणि त्यांचा पाठ सकाळच्या मुख्य वेळेत ठेवा, जेवणानंतरच्या सुस्तीत नको.

प्रश्न : शिबिरासाठी वनखात्याची जागा निवडावी की खासगी? विस्तव करता येतो का? (नाशिक)

विस्तव हा शिबिराचा विषय असेल तर खासगी जागाच. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात विस्तव पेटवणं गुन्हा आहे आणि अभयारण्यात तर नुसत्या प्रवेशालाही परवानगी लागते. शेतमालकाची लेखी संमती घ्या, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीला तारीख कळवा. भातकाढणी झालेलं खाचर सर्वांत उत्तम : सपाट, मोकळं आणि भोवती बांध.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ निवडा. फेब्रुवारीपासून गवत इतकं वाळतं की एका ठिणगीने वणवा लागतो. त्या दिवसांत मोकळ्यावर विस्तवाचा सराव नकोच. चुलीभोवती दहा फूट गवत मातीपर्यंत खरवडा, दोन बादल्या पाणी भरून ठेवा. उघड्या कातळावर थेट जाळ केला तर दगडाचे पापुद्रे उडतात आणि डाग वर्षानुवर्षं राहतो, म्हणून खाली चार बोटं मातीचा थर द्या. ओढ्यातले दगड चुलीला वापरू नका, आत मुरलेलं पाणी तापून ते फुटतात. बंद पेराचा बांबू जाळात गेला तर तोही फटाक्यासारखा फुटतो. निघताना राखेत पाणी ओतून कालवा आणि उपडा हात टेकवून पाहा. कोमट लागली तरी पुन्हा पाणी.

आणि चूल मांडण्याआधी मान वर करा. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर तिकडे जाता कामा नये. सरळ जागा बदला.

प्रश्न : कमानीने लाकूड फिरवून विस्तव काढायचा सराव करतो आहे. धूर भरपूर येतो, पण निखारा धरत नाही. (कोल्हापूर)

सुताराच्या जुन्या सामत्याचीच (कमानीने फिरवून भोक पाडायच्या हत्याराची) ही रीत. धूर येतो म्हणजे कमान चालवायला तुम्हाला जमते. चूक लाकडात, खाचेत किंवा दाबात आहे. फळीतून पडणारा भुगा चिमटीत घेऊन बघा, तोच सगळं सांगतो.

भुगा फिकट तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर दाब आणि वेग कमी पडतो आहे. काळा पण जाडसर, वळकट्यांसारखा असेल तर दाब जास्त आहे. गडद, मऊ, पिठासारखा भुगा हवा. भोक काचेसारखं चकचकीत झालं असेल तर चिमूटभर बारीक वाळू टाकून पुन्हा खरखरीत करा.

मापं अशी : फिरणारी काठी वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड आणि अगदी सरळ. फळी बोटभर जाडीची. भोक काठीने जाळून घेतलं की फळीच्या कडेपासून त्यात खाच कापा. खाच म्हणजे वर्तुळाचा साधारण आठवा भाग, जवळजवळ मध्यापर्यंत गेलेला. बहुतेकांची गाडी इथेच अडते : खाच उथळ राहिली की भुगा भोकाभोवती सांडतो, एका जागी साचत नाही आणि तापही टिकत नाही. खाचेखाली वाळलेलं पान ठेवा म्हणजे निखारा उचलता येतो आणि जमिनीची ओल लागत नाही. काठीवर दाब द्यायला जे लाकूड वरून धरता, त्याच्या खोबणीत पाला चोळा किंवा तेलाचं बोट लावा. तिथे घर्षण वाया घालवायचं नाही.

लाकूड नखाने दाबलं तर खूण उठावी इतकं मऊ आणि पूर्ण वाळलेलं हवं. पांगारा चालतो, घायपाताचा वाळलेला दांडा फारच छान. कण्हेर किंवा शेर हाताळू नका. भुग्यातून कमान थांबवल्यावरही धूर येत राहिला की निखारा धरला. तेव्हा फुंकायची घाई करू नका. अर्धा मिनिट तसाच ठेवा, हाताने हलका वारा घाला, मग नारळाच्या शेंडीच्या किंवा वाळक्या गवताच्या घरट्यात अलगद सोडा. शिबिरात मात्र सगळ्यांना हे करायला लावू नका, निम्मे हिरमुसतात. एका काडीत चूल पेटवणं आधी, हे प्रात्यक्षिक म्हणून नंतर.

प्रश्न : शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून करता येईल असं, भांड्यांचा पसारा नसलेलं जेवण सुचवा. (ठाणे)

पोपटी. रायगडकडची ही हिवाळ्यातली रीत या शिबिराला अगदी चपखल बसते, कारण विस्तवाचा पाठ तिच्यातच पुरा होतो. अठ्ठावीस जणांना दहा लिटरची दोन मडकी आणि एका मडक्याला चारेक किलो वालाच्या शेंगा. शेंगा धुऊन निथळा, जाडं मीठ आणि ओवा चोळा. मडक्याच्या तळाला आणि कडेने भांबुर्ड्याचा ओला पाला दाबून भरा. मग शेंगांचा थर, त्यात बटाटे, रताळी, अंडी, वर पुन्हा शेंगा. पाणी एक थेंबही घालायचं नाही; पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलीवरच सगळं वाफवतं. तोंड पाल्याने इतकं घट्ट बंद करा की मडकं उपडं केल्यावर काही सरकणार नाही.

आता मडकं उपडं ठेवून चहूबाजूंनी पेंढा, काटक्या आणि गोवऱ्या रचा. जाळ सगळीकडून सारखा हवा. एका बाजूला जाड लाकूड लागलं तर तिथल्या शेंगा करपतात आणि दुसरीकडच्या कच्च्या राहतात. मोठ्या जाळावर अर्धा तास ते चाळीस मिनिटं. मडक्यावर पाण्याचा शिपका मारा. थेंब चर्रकन उडून गेला आणि पाल्याचा वास सुटला की झालं. कोरं मडकं आदल्या दिवशी मंद आचेवर तापवून घ्या, नाहीतर ऐन वेळी तडकतं. पाला ओळखणारं गावातलं माणूस सोबत हवंच. रानातलं बाकी काही, विशेषतः अळंब्या, शिबिरात तोंडात घालू नका.

प्रश्न : वळलेली दोरी हात सोडला की उलगडते. (सातारा)

दोन्ही पेडांना एकाच दिशेने पीळ देताय आणि एकमेकांवरही त्याच दिशेने गुंडाळताय. प्रत्येक पेड उजवीकडे पिळा आणि दोन्ही पेड एकमेकांवर डावीकडे टाका. उलटे पीळच एकमेकांना धरून ठेवतात. वाखाची (घायपाताच्या धाग्यांची) बट मधोमध दुमडू नका, एक बाजू दुप्पट लांब ठेवा. नाहीतर दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येतात आणि दोरी तिथेच तुटते. वाख आधी ओला करून घ्या. घायपाताची ताजी पानं ठेचणार असाल तर हातमोजे घाला, रसाने कातडीची आग होते.

प्रश्न : मुलांना घेऊन येणार आहोत. साप, बिबट्या, शौचाची सोय याबद्दल काय काळजी घ्यावी? (मुंबई)

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी फोन करून सर्पदंशावरची लस आहे का ते विचारा. मोबाइलला रेंज कुठे येते ती जागा सगळ्यांना दाखवा. एक गाडी रस्त्याकडे तोंड करून, चावी ठरावीक जागी. साप चावल्यास आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, अवयव हलू देऊ नका, १०८ला फोन करा किंवा गाडी काढा. भाजल्यास वीस मिनिटं पाण्याची धार. हळद, पेस्ट काही नको.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात उसाच्या शेताला लागून मुक्काम करू नका. अंधार पडल्यावर मुलाने एकट्याने उठायचं नाही, शौचालाही मोठं माणूस आणि विजेरी सोबत. शौचासाठी पाण्यापासून किमान दोनशे फुटांवर, दोन फूट खोल चर, बाजूला मातीचा ढीग आणि खुरपं. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर पाणी धरा. विहिरीचं असेल तर गाळा आणि खळखळून एक मिनिट उकळा.

प्रश्न : दोडामार्ग-सावंतवाडी भागात जानेवारीत शिबिर घ्यावं का? (सावंतवाडी)

नको. तिथे २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचे दिवस साधारण जानेवारी ते मे. पालापाचोळ्यात बसायचं, लोळायचं काम त्या दिवसांत तिथे टाळलेलं बरं. नोव्हेंबरअखेर घ्या.

प्रश्न : डिसेंबरात रात्री ध्रुव दाखवायचा आहे, पण सप्तर्षी दिसतच नाहीत. (अहिल्यानगर)

संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात, पूर्ण वर यायला मध्यरात्र उलटते. त्याऐवजी शर्मिष्ठा घ्या : डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास उत्तरेला उंचावर पाच ताऱ्यांची ती वाकडी ओळ असते, ध्रुव तिच्या बराच खाली. ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढीच, म्हणजे तुमच्याकडे एकोणीस अंश; हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा किंचित कमी. उत्तरेला डोंगर असेल तर तो सहज झाकला जातो. म्हणून मुक्कामाची जागा दिवसा बघायला जाल तेव्हाच उत्तरेकडे मुठी धरून पाहा.